लेथचा हिशोब वाफशात करा



परवा पारावर एका जाणत्या माणसानं मला सगळ्यांदेखत विचारलं, "शेतकऱ्याच्या शेडात लेथ कशाला? दोन-चारशे रुपयांच्या बुशसाठी एवढं लोखंड पोसायचं?" त्याच संध्याकाळी एका तरुण पोराचा फोन, "काका, भंगारातून जुना लेथ आणलाय. डीआरओ लावू का सरळ सीएनसीच करून टाकू?" मला दोघांचंही पटलं नाही. आज दोघांनाही उत्तर देतो.

आधी पारावरच्या प्रश्नाचं. यंदा सोयाबीनच्या पेरणीला पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर गेला, दोन दिवस उघडीप मिळाली, तिसऱ्या दिवशी वाफसा आला. बीजप्रक्रिया करून बी तयार, ट्रॅक्टर जोडलेला. पहिल्याच तासाला पेरणी यंत्राचं चाक लटपटायला लागलं. उघडून बघतो तर चाकाच्या शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा खाल्लेली. बेअरिंग 6205, म्हणजे शाफ्ट तिथं 25 मिलिमीटर पाहिजे. व्हर्निअर लावला तर 24.6. बेअरिंगच्या आत शाफ्ट घसरून फिरत होता. चाक वाकडं झालं की साखळी उतरते, बियाच्या पेटीतले रोलर थांबतात, आणि मागं नांगे पडतात. ते उगवल्यावरच दिसतात.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पूर्ण असेंब्लीच बदला, चार दिवसांत मागवून देतो." तालुक्याच्या टर्नरकडं सात जण आधीच बसलेले, कारण वाफसा सगळ्या गावांना एकदमच येतो आणि यंत्रंही त्याच दिवशी मोडतात. माझ्याकडं ईएन-8 ची 32 मिलिमीटरची सळई पडून होती. जुन्या शाफ्टवर वेल्डिंग भरून घासता आलं असतं, पण तापानं शाफ्ट वाकतो, म्हणून नवाच काढला. अडीच तास लागले. दुपारनंतर पेरणी चालू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली, आणि रात्री पाऊस आला. शेजारी पार्टची वाट बघत बसले होते, त्यांची पेरणी आठ दिवस लांबली.

आता सांगा, तो शाफ्ट कितीचा? लेथवाल्याच्या बिलात बघाल तर फार नाही. पण मी वाचवला तो वाफसा, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून म्हणतो, शेतावरच्या लेथचा हिशोब रुपयांत मांडू नका. वर्षात वाफशाचे, फवारणीचे, मळणीचे किती दिवस त्यानं हातात ठेवले ते मोजा.

आता कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठांतल्या मंडळींना, रागावू नका. उन्हाळ्यात बियाण्याची उगवणक्षमता तपासा असं तुम्ही दरवर्षी सांगता, आणि ते बरोबरच आहे. पण पेरणी यंत्राचा शाफ्ट व्हर्निअरनं मोजा, असं किती शिबिरांत सांगता? चूक माझीही आहे, मे महिन्यातच मी ते चाक हलवून बघायला पाहिजे होतं. पण आम्हाला शिकवलं जातं ते यंत्र घ्यायला. यंत्र सांभाळायला कोणी शिकवत नाही. अनुदानावर गावोगाव अवजार बँका झाल्या, चांगलं झालं. आमच्या भागातल्या ज्या ज्या मी बघितल्या, तिथं रोटाव्हेटर आहे, पेरणी यंत्र आहे, मळणी यंत्र आहे. लेथ एकाही ठिकाणी नाही. साधा बेंच व्हाइसही दोनच ठिकाणी दिसला. मोडलेलं अवजार बाभळीखाली जातं आणि नव्याचा प्रस्ताव तयार होतो.

लेथ म्हणजे शहरातल्या कारखान्याची वस्तू, असं म्हणणाऱ्यांनी जरा मागं बघावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. पुढं 1910 साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि त्याच घराण्याच्या हरिहरच्या कारखान्यात नंतर लेथ बनले. नांगर आणि लेथ एकाच घरातले आहेत. वेगळे केले ते आपण.

आता त्या तरुण पोराला उत्तर. बाबा, डीआरओ म्हणजे आकडे दाखवणारा डिस्प्ले. बेडच पिळलेला असेल तर तो चुकीचा आकडा छान उजेडात दाखवील. सीएनसीचं तर नावच काढू नको. आपल्याला एकसारखे शंभर शाफ्ट काढायचे नाहीत, मोडलेला एक काढायचाय. पैसे घालायचे तर या क्रमानं घाल.

पहिलं म्हणजे जीव. खांद्यावरचा टॉवेल, उपरणं, लांब बाही, हातमोजे, सगळं बाहेर ठेवून मशीनजवळ जा. माझा टॉवेल एकदा लीड स्क्रूत गेला. जुना होता म्हणून फाटला, नवा असता तर मान गेली असती. मळणी यंत्रानं काय काय केलंय ते आपण बघितलंय, लेथ त्याचाच भाऊ. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, कधीच नाही. डोळ्याला चष्मा आणि हाताशी मोठं लाल बंद बटण, ही पहिली खरेदी.

दुसरं, पाया. काँक्रीटवर पक्कं बसव. गवंड्याची पाणसळ अंदाजापुरतीच. खरी परीक्षा अशी: चांगली जाड सळई चकमध्ये धर, दीडशे मिलिमीटर बाहेर ठेव, टेलस्टॉक लावू नको. चकजवळ आणि टोकाला एकाच सेटिंगवर बारीक कट घे आणि दोन्ही जागा मायक्रोमीटरनं मोज. फरक आला तर टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवून परत बघ. माझा अख्खा दिवस गेला, खर्च चहाचा.

तिसरं, वीज. पंपाच्या कनेक्शनवर लेथ चालवू नको. ते पंपासाठी आहे, आणि थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी लाव, त्यातून मोटरला थ्री फेज मिळते. पण मोटरच्या प्लेटवर 415 व्होल्ट, स्टार लिहिलं असेल तर जोडणी डेल्टात बदलावी लागते. मोटरमधून तीनच वायर बाहेर असतील तर वाइंडिंगवाल्याकडून सहा काढून घे. चालू-बंद व्हीएफडीच्या टर्मिनलवरून कर, मोटर आणि व्हीएफडीच्या मध्ये स्विच घालू नको. अर्थिंग पक्की पाहिजे. आणि वेग कमी केला म्हणून ताकद वाढत नाही, जड कटाला बॅक गिअरच लाव.

चौथं, आटे. आपल्या शेडात जुनी अवजारं इंचात आणि ट्रॅक्टर मिलिमीटरमध्ये. जुन्या लेथचा लीड स्क्रू इंचाचा असेल तर 127 दात्यांचं गिअर शोध. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127, म्हणून मेट्रिक आटे अचूक पडतात. मात्र अशा वेळी हाफ नट मध्येच उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवूनच मागं यायचं.

टूलचं म्हणशील तर महागड्या कार्बाइडमागं लागू नको. सैल, हळू फिरणाऱ्या मशीनला घरी घासलेलं एचएसएस टूलच बरं. धार लावायला शिक, विळ्याला लावतोस तशीच सवयीनं येते.

हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर खुशाल डीआरओ लाव.

आणि पारावरच्या त्या भल्या माणसाचं एक मला मान्य आहे. प्रत्येक शेतकऱ्यानं लेथ घेऊ नये. वापर नसेल तर बेडवर गंज चढतो आणि वर बारदानाच्या थप्प्या. पण एका गावात एक असावा, गटाचा असावा, आणि गावातलं आयटीआय झालेलं एखादं पोर त्यावर बसावं. पुढच्या वेळी गटाच्या बैठकीत नव्या रोटाव्हेटरचा विषय निघाला की एवढंच विचारा: जुना का बंद पडला, आणि तो कोण दुरुस्त करणार?

तोवर आपापलं पेरणी यंत्र झाडाखालून काढा आणि चाक हलवून बघा.