चेंडू तोच, जमीन वेगळी!

मुलांनो, आज एक सोपा वाटणारा प्रश्न विचारते. चेंडू एकच. टाकणारा हात तोच. जोरही तेवढाच. तरीसुद्धा एका जागी तो सरळ जातो, दुसऱ्या जागी हातभर वळतो, आणि तिसऱ्या जागी टप्पा पडल्यावर उसळतच नाही, नुसता सरपटतो. असं का बरं होत असेल?

"चेंडू खराब आहे" किंवा "आज नशीबच नाही" ही उत्तरं चालणार नाहीत, बरं का! खरं उत्तर पायाखाली आहे. ते म्हणजे जमीन.

भोवरा आठवून पाहा. गुळगुळीत शहाबादी फरशीवर तो एका जागी कितीतरी वेळ गिरक्या घेतो. तोच भोवरा मुरुमावर फिरवा. इकडून तिकडे पळत सुटतो आणि लवकर दमतो. भोवरा बदलला नाही, दोरी बदलली नाही. बदललं ते घर्षण. दोन पृष्ठभाग एकमेकांना घासले की ते एकमेकांची वाट अडवतात, त्याला घर्षण म्हणतात. खडबडीत जागी ते जास्त, गुळगुळीत जागी कमी. तेल किंवा पाणी सांडलं तर आणखी कमी. साबणाच्या पाण्यावरून घसरलेल्यांना हे वेगळं सांगायला नकोच!

आता आधी एका वेगळ्याच खेळाकडे जाऊ. पुण्यातल्या मोठ्या मॉलमध्ये तुमच्यापैकी काहींनी बोलिंगचा खेळ पाहिला असेल. लांबलचक लाकडी पट्टी, तिच्या टोकाला बाटल्यांसारख्या दहा पिना, आणि त्या पाडायला एक जड चेंडू. सगळ्यात जड चेंडू असतो १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंच्या आसपास. खेळाडू जिथून चेंडू सोडतो त्या रेषेपासून पहिली पिन बरोबर ६० फुटांवर असते.

या पट्टीचं एक गुपित आहे. तिच्यावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. सगळीकडे नाही हं! साधारणपणे सुरुवातीच्या चाळीसएक फुटांवर तेल, पुढचा भाग कोरडा. चांगला खेळाडू चेंडू सोडताना बोटांनी त्याला गिरकी देतो. तेल आहे तोवर ती गिरकी नुसती फुकट जाते, चेंडू घसरत सरळ पुढे जातो. तेल संपलं की कोरड्या लाकडावर त्याला पकड मिळते, आणि मग तो एकदम वळून पिनांवर जाऊन आदळतो. बघणाऱ्याला वाटतं जादूच झाली!

गंमत पुढेच आहे. खेळ चालू राहतो तसं चेंडूंबरोबर तेल पुसलं जातं, थोडं पुढेही ओढलं जातं. मग मघाशी जो चेंडू नेमका पिनांवर जात होता, तोच आता अलीकडेच वळतो आणि नेम चुकतो. खेळाडूने मात्र सगळं पहिल्यासारखंच केलेलं असतं. तेल डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून मुरलेला खेळाडू आधीचा चेंडू कुठे वळला ते बघतो, उभं राहण्याची जागा थोडी सरकवतो किंवा चेंडू बदलतो. साध्या प्लॅस्टिकचं आवरण असलेला चेंडू सरळ जातो, आणि राळेसारख्या खास पदार्थाचं आवरण असलेला कोरड्या जागी चांगला वळतो.

आता या, आपल्या लाडक्या क्रिकेटकडे. यष्टींपासून यष्टींपर्यंत खेळपट्टी असते २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. बोलिंगच्या पट्टीहून फक्त सहा फूट जास्त! इथे लाकूड आणि तेल नाही. इथे माती, पाणी, गवत आणि ऊन आहे.

फिरकी गोलंदाज बोटांनी किंवा मनगटाने चेंडूला गिरकी देतो. टप्पा पडतो त्या क्षणी माती चेंडूला, विशेषतः त्याच्या उंच शिवणीला, पकडते. मग गिरकीतला थोडा जोर बाजूला सरकण्यात जातो आणि चेंडू वळतो. माती कोरडी, भुसभुशीत असेल तर पकड जास्त. माती घट्ट आणि गुळगुळीत असेल तर चेंडू सरळ निघून जातो. वेगवान गोलंदाजाला आवडते ती टणक, थोडी ओलसर, हिरवं गवत राखलेली खेळपट्टी. टणक जमिनीवर चेंडू छान उसळतो आणि शिवणीवर पडला तर आत-बाहेर होतो.

मातीच्याही जाती असतात. काळी माती तुमच्या ओळखीची आहे. पावसात फुगते, चिकट होते, आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीच्या खेळपट्टीवर साधारणपणे चेंडू हळू येतो आणि खाली राहतो. लाल मातीवर बहुतेक वेळा उसळी जास्त मिळते. कसोटी सामना पाच दिवसांचा असतो. दिवसागणिक ऊन लागून माती सुकते, भेगा रुंदावतात, गोलंदाजांच्या बुटांच्या खिळ्यांनी जमीन उकरली जाते. बोलिंगच्या पट्टीवरचं तेल कमी होतं ना, तसंच हे! म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकी गोलंदाज हात चोळत तयार असतो.

याचं अगदी घरचं उदाहरण देते. पुण्याजवळ गहुंजे इथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं मोठं मैदान आहे. तिथल्या तीन कसोटी सामन्यांची गोष्ट ऐका.

पहिला सामना फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला. खेळपट्टी इतकी कोरडी होती की पहिल्याच दिवसापासून चेंडू वळू लागला. आपल्याकडे नावाजलेले फिरकी गोलंदाज होते, म्हणजे आपलीच चंगळ, असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच! स्टीव्ह ओकीफ नावाच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. अगदी सारखा हिशेब, दोन्ही वेळा! भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत संपले. आपण ३३३ धावांनी हरलो, तेही तीन दिवसांत. अशा जमिनीवर एक चेंडू हातभर वळतो आणि तसाच टाकलेला दुसरा सरळ जातो. वळणाऱ्या चेंडूवर बॅट लागतच नाही, आणि सरळ येणारा घात करतो. सामन्याच्या पंचाधिकाऱ्यांनी या खेळपट्टीला 'निकृष्ट' असा शेरा दिला.

दुसरा सामना त्याच मैदानावर ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी झाला. या वेळी विराट कोहलीने नाबाद २५४ धावा काढल्या. भारताने ५ बाद ६०१ वर डाव सोडला आणि एक डाव १३७ धावांनी सामना जिंकला. उमेश यादव या वेगवान गोलंदाजाने दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले. फिरकी गोलंदाजांनाही बळी मिळाले, पण त्यासाठी त्यांना घाम गाळावा लागला.

तिसरा सामना ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध झाला. पुन्हा फिरकीचं राज्य! न्यूझीलंडच्या पहिल्या डावातले दहाही बळी आपल्या दोन फिरकी गोलंदाजांनी घेतले. वॉशिंग्टन सुंदरने सात आणि अश्विनने तीन. पण पलीकडे मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी टिपले. आपण ११३ धावांनी हरलो, आणि २०१२ नंतर पहिल्यांदाच मायदेशात कसोटी मालिका गमावली.

बघा, मैदान एकच. चेंडूही मीरतमध्ये तयार होणाऱ्या त्याच जातीचा. पण खेळपट्टीला पाणी किती दिलं, रोलर किती फिरवला, गवत किती ठेवलं, यावर सगळं चित्र बदलतं. शिवाय, आपल्याला हवी तशी जमीन मिळाली म्हणजे आपण जिंकलोच, असंही नाही. त्या जमिनीवर कसं खेळायचं ते ज्याला लवकर उमगतं, तो जिंकतो.

मग जमीन उत्तम ओळखतो कोण? जो तिची निगा राखतो तो! पुण्यात असा एक मुलगा खरंच होऊन गेला. त्याचं नाव बाळू पालवणकर. जन्म १८७६ सालचा, चर्मकार समाजातल्या घरात. लहान वयातच तो पुण्याच्या एका पारशी क्रिकेट क्लबात कामाला लागला. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, असं काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास तो साहेबांच्या पूना क्लबात गेला. तिथे महिना चार रुपये मिळत. जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा तिथला नामांकित फलंदाज त्याच्याकडून तासन् तास सराव करून घेई. बाद केलंस तर दर वेळी आठ आणे देईन, असं त्याने सांगितलं होतं म्हणतात. बॅट मात्र बाळूच्या हाती कुणी दिली नाही.

बाळू डाव्या हाताने फिरकी टाकायचा. मी विचार करते, सकाळी ज्याने स्वतःच्या हाताने ती माती दाबली, कुठे ओल आहे आणि कुठे कोरडं आहे ते पाहिलं, त्याला टप्पा कुठे टाकायचा हे वेगळं शिकवावं लागलं असेल का?

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घ्यावं लागलं. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. पण चहाच्या सुट्टीत बाकीचे खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचं ताटही वेगळं. एकाच संघातला, सगळ्यात जास्त बळी घेणारा माणूस, आणि त्याला ही वागणूक! वाचून राग येतो ना? यायलाच हवा.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. तिथलं सगळंच अनोळखी. आपला संघ बरेच सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. इतका मोठा खेळाडू, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली. बाळू १९५५ मध्ये वारले.

खेळपट्टी कशीही असो, ती दोन्ही संघांना सारखीच असते. वळली तर दोघांनाही वळते. बाळूंना मैदानाबाहेर तेवढाही न्याय नव्हता. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीतल्या संघात कुणाला असं बाहेर उभं तर केलं जात नाही ना, हे जरा बघा. पालकांनीही बघावं.

आता नेहमीसारखं 'करून पाहा'.

पहिला प्रयोग. एक रबरी चेंडू आणि मोजपट्टी घ्या. बरोबर एक मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडा, जोर लावू नका. फरशी, मातीचं अंगण, ओली वाळू आणि घडी घातलेलं गोणपाट, अशा चार जागी करा. प्रत्येक वेळी चेंडू किती उसळला ते मित्राला मोजायला सांगा. प्रत्येक जागी तीनदा करा आणि वहीत तक्ता करून लिहा.

दुसरा प्रयोग. चेंडू दोन्ही हातांत धरून भोवऱ्यासारखी जोरात गिरकी द्या, पण आडवी, म्हणजे गाडीचं चाक फिरतं तशी. मग त्याला खाली पडू द्या. कोरड्या फरशीवर टप्पा पडल्यावर तो कुठल्या बाजूला पळतो ते बघा. आता फरशीवर थोडं पाणी ओता आणि तसंच करा. वळण कमी झालं का? (प्रयोग संपला की फरशी तुम्हीच पुसायची. आजी घसरली तर घर्षणाचा धडा सगळ्या घराला महागात पडेल!)

आणि जाता जाता एक कोडं. रात्रीचा सामना आहे. थंडीचे दिवस. मैदानावर दव पडलंय, चेंडू ओला झालाय. तुम्ही कर्णधार आहात. शेवटची षटकं फिरकी गोलंदाजाला द्याल की वेगवान गोलंदाजाला? का? कारणासकट उत्तर लिहा. नुसतं नाव लिहून पाठवलंत तर अर्धेच गुण!