तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकण्यापूर्वी

शिरढोणच्या माझ्या दवाखान्यात पोटात जळजळ होणाऱ्यांची वाण कधीच नसते. बहुतेक जण ‘डॉक्टर, पित्त झालंय’ असे निदान घरूनच करून येतात. अशाच एका पन्नाशीच्या शेतकरी बाईंनी अल्सरच्या जंतूवरचा चौदा दिवसांचा कोर्स दोनदा पुरा केला. दोन्ही वेळा औषधे तीच. शौचाच्या तपासणीत जंतू पुन्हा हजर!

हा जंतू हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल यांनी 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यावर आम्ही क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल यांपैकी दोन औषधे आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत देतो. पण आपल्याकडे जुलाब झाले की मेट्रोनिडाझोल, हा रिवाजच पडला. मीही तो वर्षानुवर्षे पाळला. जंतू त्या गोळीला सरावले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अनेक केंद्रांच्या पाहणीत तीन चतुर्थांशांहून अधिक जंतू मेट्रोनिडाझोलला दाद देत नव्हते.

लघवीतल्या जंतूंचे कल्चर करून आपण औषध ठरवतो, मग जठरातल्या जंतूंचे का नाही? बाईंना मी तसे लिहून दिले. दुर्बिणीतून जठराचा तुकडा काढला गेला, पण नेहमीच्या सवयीने तो फॉर्मेलिनच्या बाटलीत पडला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो. कॅन्सर नाही एवढे कळले, कल्चर मात्र राहिले. ‘आधीच वेगळ्या बाटलीत का नाही ठेवला?’ बाईंनी विचारले. मी काय सांगणार?

हा जंतू नाजूक आहे. तुकडा खास द्रवात, थंड ठेवून, काही तासांत पोचवावा लागतो. तो कमी प्राणवायूत, 37 अंशांवर, कित्येक दिवसांनी वाढतो. गल्लीतल्या लॅबला हे जमणार नाही, कबूल. पण वैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्याचा एक वार ठरवला, तर इथला तुकडा मुंबईला सकाळी निघून दुपारपर्यंत पोचेल. पहिल्याच कोर्सआधी प्रत्येकाला ही तपासणी हवी असे माझे म्हणणे नाही. एक कोर्स फुकट गेल्यावर मात्र तीच औषधे पुन्हा लिहिणे मला पटत नाही.

आणखी एक. तपासणीपूर्वी आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे बंद हवीत, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. नाहीतर जंतू असूनही सापडत नाही.

बाईंची दुसरी दुर्बीण भातकापणीनंतर ठरली आहे. वेगळी बाटली मी आताच मागवून ठेवली आहे.