अरागॉनची कम्यूने मोडली कोणी?

सामुदायिक शेतीचा विषय निघाला की तो दोन नावे उच्चारून मिटवून टाकण्याची एक सोयीस्कर रीत रूढ झाली आहे. युक्रेन आणि चीन! १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लक्षावधी माणसे मेली आणि १९५९ ते १९६१ या वर्षांत चीनमधील उपासमारीने कोट्यवधींचा बळी घेतला, हे निर्विवाद आहे. त्यावर पांघरूण घालणारा स्वतःला समाजवादी म्हणवून घेण्यास पात्र नाही. परंतु शेतकरी एकत्र येऊन जमीन कसू लागला की त्याचा शेवट उपासमारीतच होतो, असा जो सिद्धांत या दोन शोकांतिकांवरून मांडला जातो, तो म्हणजे इतिहासाचा कौल नव्हे. ती जमीनदारीच्या वकिलांची कैफियत आहे. या कैफियतीत एका प्रकरणाचा उल्लेख कधीच येत नाही. ते प्रकरण स्पेनमधील अरागॉन प्रांताचे.

स्पेनमध्ये १९३१ च्या एप्रिलमध्ये प्रजासत्ताक आले ते भूमिहीनांच्या आशा जागवीत. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये जमीनसुधारणेचा कायदाही संमत झाला. पण मोजणी, नोंदणी, नुकसानभरपाई यांच्या चिखलात तो असा रुतला की प्रत्यक्ष जमीन मिळालेल्या कुटुंबांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही. मधल्या काळात, १९३३ च्या जानेवारीत, अंदालुसियातील कासास विएहास या खेड्यात बंड करणाऱ्या शेतमजुरांना प्रजासत्ताकाच्याच सशस्त्र पोलिसांनी झोपडीसकट जाळले. ज्या राजवटीकडे जमीन मागायची तिच्याकडून आग मिळते, हा धडा खेड्यांनी विसरावा तरी कसा? १९३६ च्या २५ मार्च रोजी बादाहोस प्रांतात सुमारे साठ हजार शेतमजूर आणि औत असूनही जमीन नसलेली कुळे एकाच दिवशी मोठ्या इस्टेटींत शिरली आणि त्यांनी नांगर धरला. चार वर्षांत कायद्याला जे जमले नाही, ते एका सकाळी झाले.

जुलै १९३६ मध्ये सेनापतींनी बंड केले. सारागोसा, उएस्का आणि तेरुएल ही अरागॉनची तीनही प्रमुख शहरे बंडखोरांच्या हाती गेली. पूर्वेकडील खेडी मात्र बार्सिलोनाहून आलेल्या कामगारांच्या स्वयंसेवक तुकड्यांनी परत मिळवली. जमीनदार पळाले होते किंवा मारले गेले होते. सरकारी अंमल नाहीसा झाला होता. आणि पीक शेतात उभे होते. अशा वेळी गावसभा भरल्या. जप्त झालेल्या जमिनी, अवजारे, जनावरे आणि अनेकांच्या स्वतःच्या जमिनीही एकत्र करण्यात आल्या. कामासाठी गट पडले, प्रत्येक गटाने आपला प्रतिनिधी निवडला, धान्य आणि ऑलिव्हचे तेल सामुदायिक कोठारात जमा झाले. कित्येक गावांनी सरकारी चलन बाजूला सारून स्वतःची कुपने काढली. मजुरी मोजली गेली ती कुटुंबातील खाणारी तोंडे पाहून. फेब्रुवारी १९३७ मध्ये कास्पे येथे या कम्यूनांनी आपला प्रांतिक महासंघ स्थापन केला. त्या परिषदेत सुमारे पावणेतीनशे कम्यूनांचे प्रतिनिधी हजर होते आणि सभासदांची संख्या एक लाख चाळीस हजारांच्या घरात होती, असे महासंघाचा अहवाल सांगतो.

हे सारे स्वेच्छेने, एकमताने आणि आनंदाने झाले, असे सांगणारे भाबडे चरित्रकारही आहेत. त्यांचे खंडन समाजवाद्यांनीच केले पाहिजे. अरागॉन हा काही अंदालुसियासारखा केवळ प्रचंड इस्टेटींचा प्रदेश नव्हता. तेथे लहान जमीनधारक पुष्कळ होता. ज्या चौकात गावसभा भरली त्याच चौकात बंदूकधारी स्वयंसेवक उभे असतील, तर त्या सभेत वर झालेल्या प्रत्येक हाताला संमती म्हणता येत नाही. आरंभीच्या आठवड्यांत खून झाले आणि भीतीने 'हो' म्हणणारेही होते. जे बाहेर राहिले त्यांना स्वतःच्या कष्टाने कसता येईल एवढी जमीन ठेवण्याची मुभा तत्त्वतः होती. पण जेथे दुकान, गिरणी आणि कोठार सर्व सामुदायिक झालेले, तेथे बाहेर राहणाऱ्याचे जिणे सोपे नव्हते. समतेचा घोष करणाऱ्या कित्येक कम्यूनांत स्त्रीची मजुरी पुरुषाहून कमी धरली जात होती. या दोषांची नोंद झालीच पाहिजे. दोष झाकून उभारलेला आदर्श पहिल्याच वाऱ्यात कोसळतो.

परंतु दोष होते म्हणून कम्यूने मोडली, हे मात्र साफ असत्य आहे. ती मोडण्यात आली, आणि मोडणारे फ्रँकोचे सैनिक नव्हते.

मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर फॅसिस्टविरोधी आघाडीतील दोन बाजू एकमेकींवर गोळ्या झाडत होत्या. त्यानंतर लार्गो काबायेरो यांचे सरकार गेले आणि हुआन नेग्रिन पंतप्रधान झाले. 'आधी युद्ध, मग क्रांती' ही घोषणा आता राज्याचे धोरण बनली. शस्त्रे सोव्हिएत रशियाकडून येत होती. ब्रिटन आणि फ्रान्स यांची मर्जी राखायची होती. म्हणून शेतकऱ्यांची क्रांती ही अडगळ ठरली. ऑगस्ट १९३७ मध्ये एका हुकमाने अरागॉनचे प्रांतिक मंडळ बरखास्त झाले. त्याचे अध्यक्ष होआकीन आस्कासो यांना अटक झाली. एन्रिके लिस्तेर यांच्या नेतृत्वाखालील अकरावी डिव्हिजन फ्रँकोवर चालून जाण्याऐवजी प्रजासत्ताकाच्याच खेड्यांवर चालून गेली. शेकडो कार्यकर्ते तुरुंगात पडले, कोठारे फोडली गेली, जमिनी, जनावरे आणि अवजारे जुन्या मालकांना वाटून देण्यात आली.

आता 'आधी युद्ध' या युक्तिवादाचीच कसोटी घ्यावी. युद्धाला धान्य लागते. कृषिमंत्रालयाच्या आकड्यांनुसार १९३७ साली अरागॉनमधील गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षाहून सुमारे एक-पंचमांशाने वाढले होते. एका हंगामावरून सिद्धांत मांडू नये हे खरे. पाऊसपाण्याचाही त्यात वाटा असणार. पण उत्पादन बुडत होते म्हणून लष्कर पाठवावे लागले, हा दावा तरी त्याने निकालात निघतो. उलट लष्कर आले आणि पेरणीच अडली. जमीन कोणाची, बियाणे कोणाचे, खेचरे कोणाची, हेच जेथे ठाऊक नाही तेथे शरदातील पेरणी करणार कोण? ही कबुली अराज्यवाद्यांच्या पत्रकातली नाही. जमीनसुधारणा संस्थेचे सरचिटणीस होसे सिल्वा हे स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. कम्यूने बरखास्त करणे ही गंभीर चूक होती आणि तिने खेड्यांत विलक्षण गोंधळ माजवला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे सरकारला माघार घ्यावी लागली आणि अनेक गावांत कम्यूने पुन्हा उभी राहिली.

या शेवटच्या गोष्टीत सर्व वादाचे उत्तर आहे. १९३६ च्या उन्हाळ्यात गावात बंदुका होत्या, म्हणून त्या वेळची संमती संशयास्पद मानली, तरी १९३७ च्या अखेरीस परिस्थिती नेमकी उलटली होती. आता बंदुका कम्यूनच्या विरोधात होत्या, जमीन परत घेऊन वेगळे होण्याची मोकळीक होती, नेते तुरुंगात होते. तरीही जे पुन्हा एकत्र आले, त्यांना कोणी हाकलून आणले होते? पूर्वीपेक्षा ती संख्येने कमी आणि आकाराने लहान असतील. पण त्यांच्या संमतीबद्दल शंका घेण्यास जागा उरत नाही. मार्च १९३८ मध्ये फ्रँकोचे सैन्य अरागॉनवर कोसळले आणि हा प्रयोग कायमचा संपला.

आता चीनकडे वळावे. १९५८ मध्ये काही महिन्यांच्या आत जवळजवळ सर्व ग्रामीण चीन लोककम्यूनांत कोंबण्यात आला. घरची चूल विझवून सार्वजनिक भोजनगृहे उघडली गेली. वरिष्ठांना खूष करण्यासाठी पिकाचे फुगवलेले आकडे वर गेले आणि त्या खोट्या आकड्यांच्या हिशेबाने खरे धान्य गावातून उचलले गेले. नाव कम्यूनचेच; पण धान्याची वाट उलटी! अरागॉनमध्ये कोठाराची किल्ली गावाकडे होती. युक्रेनमध्ये आणि चीनमध्ये ती राज्याकडे होती. १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातील शियाओगांग येथे अठरा शेतकऱ्यांनी गुप्तपणे करार करून जमीन कुटुंबनिहाय वाटून घेतली, तेव्हा त्यांचे बंड एकत्र श्रम करण्याविरुद्ध होते की आपल्या घामाचा हिशेब दुसऱ्याने ठेवण्याविरुद्ध? बाजारवाद्यांनी या गावाचे तीर्थक्षेत्र केले खरे, पण हा प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांनी केले नाही.

भारतातही हा वाद भीतीनेच निकालात काढला गेला. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. रशिया आणि चीन यांची भुते उभी करून विरोधकांनी त्यावर हल्ला चढविला आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्माला आला. ठराव कागदावर राहिला. पण दोष केवळ विरोधकांना देऊन चालणार नाही. ज्या ठरावासाठी एकाही गावाने आधी सभा भरवली नव्हती, तो ठराव वाचवण्यासाठी कोणते गाव धावून येणार होते?

म्हणून कोणत्याही क्रांतीला, मग ती कोणत्याही देशातली असो, तीन प्रश्न विचारले पाहिजेत. सभासदाला आपला वाटा घेऊन बाहेर पडता येते काय? कोठाराची किल्ली गावाकडे आहे की राजधानीकडे? आणि हिशेब ठेवणाऱ्याला त्याच गावाची सभा काढून टाकू शकते काय? ज्या कम्यूनमध्ये या तिन्ही प्रश्नांचे उत्तर शेतकऱ्याच्या बाजूने मिळते, त्याला जमीनदार घाबरतो आणि पक्षाचा सचिवही घाबरतो. अरागॉनमध्ये ही उत्तरे अपुरी होती, अडखळती होती. तरीही ती दिली जात होती. ती पूर्ण होऊ न देणाऱ्या सरकारचा प्रजासत्ताकही दोन वर्षांच्या आत बुडाला. शेतकऱ्याच्या हातातून नांगर काढून घेऊन युद्ध जिंकता येते, असे मानणाऱ्यांच्या हाती शेवटी युद्धही राहिले नाही आणि क्रांतीही राहिली नाही.