दोन डोंगर आणि एक सूर्य

पुण्यातील एखाद्या बालवर्गाच्या भिंतीवरील चित्रे पाहावीत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली वळत आलेली नदी, काठावर झोपडी आणि तिच्याशेजारी माड. वास्तविक ही मुले ज्या पर्वतीच्या परिसरात वाढतात तिचा माथा त्रिकोणी नाही; दख्खनच्या काळ्या कातळाचे डोंगर बहुधा सपाट माथ्याचेच असतात. झोपडी आणि माड तर त्यांच्या रोजच्या पाहण्यातलेही नाहीत. मग हे चित्र आले कोठून? ते मोठ्यांनी दिलेले आहे, आणि ते देताना मुलाजवळचे स्वतःचे चित्र मात्र काढून घेतले गेले आहे.

ते स्वतःचे चित्र तीन-चार वर्षांच्या मुलांच्या घरी अजून पाहावयास मिळते. एक मोठा गोल आणि त्यालाच फुटलेले दोन पाय, म्हणजे बाबा. बसची चारही चाके एका ओळीत, आणि पत्र्याआडचे उतारू डोक्यापासून पायापर्यंत उघडे. आजीच्या पोटात तिने नुकतीच खाल्लेली बाकरवडी! आईवडील हसतात, आणि त्यांनी हसावेच. परंतु यास चूक म्हणता येणार नाही. जॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच तत्त्वज्ञाने आपल्या मुलीची, सिमोनची, चित्रे जपून ठेवली आणि १९१३ साली त्यांवर ग्रंथच लिहिला. मूल डोळ्यांना दिसते ते नव्हे, तर त्यास ठाऊक असते ते काढते, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. बाकरवडी पोटात गेली हे ज्यास ठाऊक आहे, त्याने ती का लपवावी?

बोलण्याचेही तेच. 'हे मी करलं,' असे मूल म्हणते आणि घर हसून लोटपोट होते. फोड-फोडलं, मोड-मोडलं, तर मग कर-करलं का नव्हे? कोणा मोठ्याच्या तोंडून न ऐकलेला शब्द त्याने नियमाने घडविलेला असतो. नियम मोडला आहे तो मराठीने. रशियात कोर्नेई चुकोव्हस्की या लेखकाने मुलांचे असेच बोल वर्षानुवर्षे गोळा केले. आपल्याकडे ते बोल पाहुण्यांपुढे वदवून घेतले जातात. 'ते परवाचं पुन्हा म्हणून दाखव बरं!' तिसऱ्या खेपेस मूल विचार करीत नाही, समोरच्यांचे चेहरे पाहते.

चित्राच्या बाबतीत कौतुकानंतर सुधारणा येते आणि सुधारणेनंतर वर्ग. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना हायस्कुलातील विद्यार्थ्यांनी जरूर बसावे. त्या वयास हाताला वळण हवेच. पण चार वर्षांच्या हातास पट्टी धरून डोंगर काढावयास लावण्याची घाई कशासाठी? 'हे काय काढलेस?' या प्रश्नातही परीक्षकाचा सूर असतो. 'याची गोष्ट सांग' म्हटले की बसमधला प्रत्येक उतारू कोठे निघाला आहे ते कळते.

ती गोष्ट कागदाच्या पाठीवर मुलाच्याच शब्दांत, 'करलं'सकट, लिहून ठेवता येते. फोनमधील छायाचित्र हजारांत हरवते. कागद निदान कपाटात राहतो. त्यावर तारीख मात्र आजच घालावयास हवी, कारण येत्या जूनमध्ये शाळा सुरू होईल.