लहान मोटारीत क्लच कोणी दाबावा?

नवी मोटार घेऊ इच्छिणारे गिऱ्हाईक पैसे भरण्यापूर्वी एकदा आपल्या विश्वासातील गॅरेजवाल्याचा सल्ला घेऊन जाते, हा आपल्या व्यवसायातील जुना आणि मानाचा रिवाज आहे. आणि अलीकडे या सल्लामसलतीत रंग, किंमत व सरासरी यांच्याही आधी जो प्रश्न विचारला जातो, तो गिअर हाताने टाकायचा की मोटारीवर सोपवायचा, हा होय. या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर तयार असते. ‘ऑटोमॅटिकच्या भानगडीत पडू नका’ असे जुने मिस्त्री सांगतात, आणि ‘आता साधा गिअर कोण घेतो’ असे विक्रेते सांगतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशी यंत्रे विकली जात आहेत आणि त्यांपैकी कोणत्या यंत्राविषयी आपण बोलत आहो, याचा खुलासा ना विचारणारा करतो ना सांगणारा.

१९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासून मध्यमवर्गाच्या एका अख्ख्या पिढीने डाव्या पायाने क्लच आणि डाव्या हाताने गिअर सांभाळतच मोटार चालविणे आत्मसात केले. मध्यंतरी झेन, सँट्रो यांसारख्या लहान गाड्याही ऑटोमॅटिक स्वरूपात मिळत असत. परंतु जादा किंमत आणि जादा पेट्रोल या दोन कारणांनी त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. २०१४ च्या फेब्रुवारीत सेलेरिओ आली आणि चित्र पालटले. मॅग्नेटी मरेल्ली या इटालियन कंपनीच्या तंत्रावर आधारलेली तिची एएमटी व्यवस्था म्हणजे नवा गिअरबॉक्स नव्हेच. नेहमीचाच पाच गिअरांचा बॉक्स, नेहमीचीच कोरडी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम विजेच्या पंपाने निर्माण केलेला तेलाचा दाब संगणकाच्या हुकुमाने करतो. म्हणूनच तिची किंमत आवाक्यात राहिली, आणि म्हणूनच प्रमाणित चाचणीत साध्या व एएमटी सेलेरिओची सरासरी सारखीच, लिटरला २३.१ किलोमीटर, भरली.

हे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे एएमटीविषयीची अर्धी स्तुती आणि अर्धी निंदा आपोआप गळून पडते. क्लच पेडल नाही म्हणून क्लच नाही, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते आणि ती दूर करण्याचे कर्तव्य आपले आहे. गॅरेजात उतरविलेल्या एएमटीच्या क्लच प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेले, प्रेशर प्लेटवर तापल्याचे निळसर डाग उमटलेले, आणि बेलहाउसिंग उघडताच जळक्या अस्तराचा तो परिचित वास, हे दृश्य साध्या गाडीच्या क्लचहून यत्किंचितही निराळे नसते. चढावर रांग थांबली असता ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरच्या आधारे गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची सवय या झिजेच्या मुळाशी पुष्कळ वेळा आढळते. साध्या गाडीत ‘हाफ क्लच’वर असे फार काळ उभे राहिल्यास चालकाचा पाय भरून येतो आणि तो भानावर येतो, एएमटीत पायाला ही जाणीव होतच नाही, आणि जळणारे अस्तर मात्र तेच असते. गाडीची चावी हाती देताना हे एक वाक्य गिऱ्हाइकाला सांगितले, तर त्याचे काही हजार रुपये वाचतील.

दुसरी गोष्ट प्लेट बदलल्यानंतरची. नवी प्लेट कोणत्या बिंदूवर पकड घेते हे संगणकास स्कॅनरच्या साहाय्याने पुनश्च शिकवावे लागते; ते न करता गाडी सोडली की ती पहिल्या गिअरमध्ये हिसके देऊ लागते आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. ज्या गॅरेजात ही साधने व हे ज्ञान नाही, त्याने हे काम पत्करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु साधने नाहीत म्हणून गिऱ्हाइकाला यंत्राविरुद्ध सल्ला देणे, हेही न्यायाचे नव्हे.

उतारावर गाडी उभी करण्याविषयी तर विशेष दक्षता हवी. टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ या स्थितीत गिअरबॉक्सला खीळ बसते. सेलेरिओसारख्या एएमटीत ‘पी’ नाहीच, आहेत त्या ‘आर’, ‘एन’, ‘डी’ आणि ‘एम’ एवढ्याच स्थिती. ‘एन’मध्ये ठेवून केवळ हँडब्रेकच्या भरवशावर सोडलेली गाडी पसरणीच्या घाटात घरंगळली, तर तो यंत्राचा दोष ठरणार नाही, साध्या गाडीप्रमाणेच तीही गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, मगच इंजिन बंद केले पाहिजे. तसेच कुंभार्लीसारखा घाट उतरताना ‘एम’ लावून खालचा गिअर धरावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. चढणीवर एसटीला ओलांडण्यापूर्वीही हाच उपाय करावा. कारण गिअर बदलताना एएमटी क्षणभर ओढ सोडते, आणि तो क्षण समोरून ट्रक येत असता फार मोठा असतो.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी यांत ही ओढ तुटत नाही. पहिल्यात तेलाच्या प्रवाहातून शक्ती जाते, दुसऱ्यात दोन पुल्यांमधून फिरणारा पोलादी पट्टा गिअरचे प्रमाण अखंड बदलीत राहतो. प्रवास सुखाचा होतो यात शंका नाही. मात्र एएमटीसाठी साध्या गाडीहून सुमारे पन्नास हजार रुपये अधिक पडतात, तर यांच्यासाठी पुष्कळदा लाखाच्या वर जावे लागते. यांचे तेलही एकमेकांचे चालत नाही. सीव्हीटीत चुकीचे तेल ओतणे म्हणजे तो बॉक्स मोडीत काढणे होय.

मग शिफारस कोणती करावी? ज्याचा दिवस पुण्यात सिंहगड रस्त्यावर किंवा मुंबईत अंधेरीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो, ज्याचे गुडघे दुखतात, त्याला एएमटी निःशंकपणे सांगावी. डावा पाय अधू असलेल्या माणसाला तर क्लच पेडल नसलेली गाडी म्हणजे कोणाच्याही आधाराविना घराबाहेर पडण्याची मुभा आहे, आणि तिच्याविषयी ‘भानगड’ हा शब्द आपण उच्चारणेच गैर आहे. ऐपत असेल आणि नित्य घाटप्रवास असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी पाहण्यास सांगावे. परंतु ज्याचे घर कोकणातील उभ्या चढाच्या वाटेवर आहे, स्कॅनर असलेले गॅरेज ज्याच्यापासून दोन तालुके दूर आहे, आणि बॅटरी उतरली असता चार माणसांनी धक्का देऊन गाडी चालू करणे हाच जिथे इलाज आहे, त्याने साधा गिअरच घ्यावा. ऑटोमॅटिकवर धक्क्याचा हा इलाज चालत नाही. पगारी चालक ठेवणाऱ्याने स्वतःच्या नव्हे, तर चालकाच्या सोयीचा विचार करावा, कारण दिवसभर क्लच दाबणारा पाय त्याचा असतो.

आमची वाचकांना एक विनंती आहे. एएमटी गाडीची क्लच प्लेट बदलताना ती किती किलोमीटरवर गेली, गाडी शहरात फिरली की घाटात, ती चालविणारे हात किती, आणि नंतर संगणकास नवा बिंदू शिकविला की नाही, एवढा तपशील जॉब कार्डावर लिहून त्याची नक्कल आमच्याकडे पाठवावी. गिऱ्हाइकाचे नाव वा गाडीचा क्रमांक पाठविण्याचे कारण नाही. साध्या गाडीच्या प्लेटचीही नोंद सोबत आल्यास तुलना करणे शक्य होईल, आणि अशा नोंदी पुरेशा जमताच त्या जिल्हावार लावून याच पृष्ठांवर प्रसिद्ध करण्याची आमची तजवीज आहे.