अक्षर तोडू नका!

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी आम्ही काही मित्रांनी एक छोटी चित्रफीत तयार केली. तिची नामावली करण्याचे काम माझ्याकडे आले. ‘कोल्हापूर’ हे नाव एकेक अक्षराने पडद्यावर उतरावे अशी माझी कल्पना. मी सॉफ्टवेअरला तशी आज्ञा दिली आणि प्रयोगाच्या दिवशीच ती पुरी पाहिली. आधी नुसता ‘क’ आला, मात्रा मागाहून धावत आली. ‘ल’ पाय मोडून एकटाच उभा राहिला. सभागृहात हशा पिकला. मी मात्र ओशाळलो.

मागाहून कारण उमगले. आपण ‘कोल्हापूर’ चार अक्षरांत वाचतो : को, ल्हा, पू, र. संगणकाच्या युनिकोड पद्धतीत त्याच नावाचे नऊ घटक होतात. काना, मात्रा, उकार, हलन्ताचे चिन्ह हे सारे तेथे वेगवेगळे मोजले जातात. ‘कविता’मधली वेलांटी आपल्याला ‘व’च्या आधी दिसते, पण संगणकाच्या साठ्यात ती ‘व’च्या नंतर असते. सुटी अक्षरे असलेल्या रोमन लिपीचा हिशेब आपल्या लिपीला जसाच्या तसा लावला, की अशी फजिती व्हायचीच.

यावर एक मित्र म्हणाला, “मग नामावली इंग्रजीतच कर की!” हा सल्ला मला पटत नाही. दुसऱ्याने यंत्रालाच दोष दिला. तेही मला मान्य नाही. आपल्याच गावचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी कॅमेरा येथेच घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ते यंत्राला भ्याले नाहीत आणि यंत्राला शरणही गेले नाहीत.

नाटकाच्या पडद्यांची ही आठवण येथे उगाच काढलेली नाही. अॅनिमेशनमध्ये ज्यांना ‘लेयर’ म्हणतात ते थर म्हणजे एकामागे एक सोडलेले पारदर्शक पडदेच होत. मागे रंग, मध्ये सावली, पुढे अक्षर. प्रत्येक थर स्वतंत्रपणे हलवता येतो. सेकंदाला 25 चौकटी धरल्या आणि सावलीचा थर 3 चौकटी उशिरा सोडला, तर ती अक्षरामागून किंचित रेंगाळत येते. शब्दाला वजन येते ते एवढ्याशा विलंबाने.

मी पुन्हा कामाला लागलो. कागदावर बोरूने चार अक्षरे लिहिली, ती संगणकात घेतली आणि चार थरांवर ठेवली. शिरोरेषेला पाचवा थर दिला. आधी रेषा डावीकडून उजवीकडे दोरीसारखी ताणली गेली, मग तिच्यावर एकेक अक्षर येऊन लटकले. या वेळी कोणी हसले नाही.

आज अनेक सॉफ्टवेअर जोडाक्षरे नीट दाखवतात, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही शब्द कोठे तोडायचा हे ठरवणाऱ्याला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक हवे. र. कृ. जोशी आधी हाताने अक्षर घडवणारे होते. म्हणूनच संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातून उतरला, असे मला वाटते.

आमच्या गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. संगणक-कक्षाच्या शेजारी बोरू, शाई आणि कागद यांनाही एक टेबल मिळावे. आठवड्यातून एक तास पुरे. आणि मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगणे की, कळ दाबण्यापूर्वी तो शब्द एकदा हाताने लिहून पाहा. हात कोठे थांबतो, कोठे वळतो ते पाहा. अक्षराची चाल तेथेच सापडते. ती यंत्राला आपणच शिकवायची आहे.

— तृतीय वर्ष, कला शाखेचा एक विद्यार्थी