भोकरच्या कारागिरीला भोकरमध्येच पेठ मिळावी
शिलाई व वस्त्ररचना कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, भोकर
मा. तहसीलदार, भोकर

महोदय,

आम्ही भोकर शहर व तालुक्यात कपडे शिवणारे, आरीकाम करणारे आणि छोटी बुटिक चालवणारे कारागीर आहोत. आमच्यात महिलांची संख्या मोठी आहे.

लग्नसराई आली की इथली कुटुंबे बस्ता बांधायला नांदेड-हैदराबाद गाठतात. तिथल्या साड्यांचे ब्लाउज मात्र आमच्याकडेच येतात. नवरीच्या एका ब्लाउजसाठी कापड लाकडी चौकटीवर ताणायचे, त्यावर नक्षी उमटवायची, आरीच्या सुईने जर आणि मणी भरायचे, मग बेतून, अस्तर लावून, लटकन जोडून द्यायचे. त्यात कित्येक दिवस जातात. हे सारे घराच्या मागल्या खोलीत चालते. काम कुणाला दिसत नाही, म्हणून घासाघीस आमच्याच मजुरीवर होते.

पुण्याला तुळशीबाग आहे, मुंबईला हिल रोड आहे. खरेदीला कुठे जायचे ते गिऱ्हाईकाला ठाऊक असते. भोकर मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे आणि हिमायतनगर, किनवट त्याच मार्गावर आहेत. कारागिरी आहे, गिऱ्हाईकही आहे. मधली पेठ तेवढी नाही. म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. लग्नसराईत आणि दिवाळीपूर्वी, ठरलेल्या संध्याकाळी, बाजारपेठेतील एक रस्ता स्थानिक कपड्यांच्या विक्रीसाठी राखून द्यावा. पथविक्रेता कायदा, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. जागा ठरवताना या समितीत आमचेही म्हणणे ऐकले जावे.

२. तिथे पांढरा उजेड, कपडे घालून पाहण्यासाठी आडोसा आणि महिलांसाठी स्वच्छतागृह असावे. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतो. घरी गेल्यावर रंग वेगळा निघतो आणि कपडा परत येतो.

३. तांड्यांवरच्या बंजारा भरतकामाची नोंद जिल्हा प्रशासनाच्या मदतीने करावी. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडील फेटिया, कांचळीवरचे आरसे, कवड्या आणि टाके यांची नोंद झाली, तर यंत्रावरची नक्कल हाताच्या कामाच्या भावाने खपणार नाही. ही नोंद भरतकाम करणाऱ्या बायांच्या नावाने व्हावी.

४. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. ओव्हरलॉक किंवा पिको मशीन घेऊ पाहणाऱ्या बाईला कागदपत्रांसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागू नये, म्हणून शिबिर भोकरमध्येच भरवावे.

५. त्याच शिबिरात उद्यम नोंदणी करून द्यावी. ती मोफत असते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. उधारीवर दुकानांना माल देणाऱ्या आमच्या भगिनींना हे संरक्षण मिळायलाच हवे.

आमच्या बाजूने आम्ही हमी देतो : प्रत्येक कपड्यावर कारागिराचे नाव, कापडाचा प्रकार आणि किंमत लिहिलेली असेल, हातकाम आणि मशीनकाम वेगळे सांगितले जाईल, मापातली चूक विनामूल्य दुरुस्त होईल, पायी चालणाऱ्यांची वाट अडणार नाही आणि बाजार उठल्यावर रस्ता आम्हीच झाडून देऊ.

आम्हाला अनुदानावर जगायचे नाही. आपला माल आपल्या नावाने विकायला जागा हवी आहे. या मागण्यांवर ३० दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी, ही विनंती.

भोकरकरांनाही आवाहन आहे : पुढचा बस्ता बांधण्याआधी एकदा आपल्या गावातले काम पाहा, आणि पटले तर त्याचे पुरते दाम द्या.

आपले विश्वासू,
शिलाई व वस्त्ररचना कारागीर, भोकर शहर व तालुका